मुशीच्या तेलात भिजलेली अक्षरे

मित्रांनो, मी उत्तन या समुद्रकाठच्या कोळीगावातली एक जुनी सागवानी पेटी आहे. माझ्या पोटात लाकडाची इंग्रजी अक्षरे आहेत. माझे झाकण उघडण्याआधी नाक धरा. मला स्वतःलाच माझ्या वासाची किळस येते, तिथे तुमची काय कथा!

जन्मतः मी अशी नव्हते. १९३५ साली डॉमनिक नावाच्या कोळ्याने नवी होडी बांधली. उरलेल्या सागातून सुताराने मला घडवले. लाकडाचे छोटे चौकोन कापून त्याने ते गुळगुळीत घासले आणि तापलेल्या खिळ्याने प्रत्येकावर एकेक अक्षर डागले. डॉमनिकने मला आपल्या बायकोच्या, डॉरिसच्या हातात ठेवले. ती वांद्र्याची, इंग्रजी शाळेत शिकलेली. लग्नानंतर ती उत्तनला बोंबील सुकवू लागली, पण इंग्रजी शब्दांची तिची आवड सुटली नाही.

आमचा खेळ सोपा होता. न बघता माझ्यातून तीन अक्षरे काढायची. ती तिन्ही ज्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधायचा. अक्षरे पुढेमागे असली तरी चालत. बी, टी आणि आर आले की त्यांची लहान मुलगी ऑड्रे ओरडे, "बटर!" एस, एल आणि टी आले की डॉरिस खाडीपलीकडच्या मिठागरांकडे बोट दाखवी आणि म्हणे, "सॉल्ट."

डॉमनिकला इंग्रजी येत नव्हते. तो कोणत्याही अक्षरांवर एकच शब्द सांगे. "फिश!"

"एफ हाय, एस हाय. पण आर कुठं हाय?" डॉरिस विचारी.

"काट्यात अडकलाय. हलू खा, सापडंल!"

सगळे हसत. मी मात्र अंग चोरून बसे. डॉमनिकच्या बोटांना खवले चिकटलेले असत. शेजारची सेलेस्टिन मावशी तपकीर ओढून त्याच हाताने माझ्यात चाचपडे. शी! पण डॉरिस कुणालाही सोडत नसे. "आधी साबण, मग अक्षरं," असे म्हणून ती सर्वांना हात धुवायला उठवी. खेळ संपला की सुक्या फडक्याने एकेक अक्षर पुसून ठेवी. त्यामुळे माझ्या पोटात तिच्या साबणाचा वास भरला होता. त्या वासाचा मला गर्व होता.

१९४२ च्या पावसाळ्यात डॉरिसला विषमज्वर झाला. ती गेली.

त्यानंतर खेळ बंद पडला. डॉमनिक समुद्रावरून येई, जेवे आणि भिंतीकडे तोंड करून झोपे. ऑड्रे बापाशी कामापुरते बोले. संध्याकाळी ती माझे झाकण थोडेसे उघडी, नाक आत घाली आणि पुन्हा बंद करी. ती आईचा वास घेत होती. डॉमनिकला हे माहीत नव्हते. त्याला एवढेच दिसले, की पोर रोज पेटी उघडते आणि पेटीचे लाकूड सुकून तडकू लागले आहे. ही पेटी नीट केली तर पोर पुन्हा आपल्यासमोर बसेल, असे त्याच्या मनाने घेतले.

कोळ्याला लाकूड जपायची एकच रीत ठाऊक. होडी टिकायची तर तिला मुशी माशाच्या, म्हणजे शार्कच्या काळजाचे तेल पाजायचे. डॉरिसला जाऊन वर्ष झाल्याच्या मिस्साआधी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेआधी, त्याने तेच केले. ताजे तेलही नव्हे, होडीसाठी मडक्यात साठवलेले, काळे पडलेले. त्याने माझ्या फटीफटीत ते चोळले. एकेक अक्षर मडक्यात बुडवून काढले. ते तेल माझ्या अंगात शिरताना मला जे वाटले ते सांगवत नाही. कुजलेल्या काळजाची ती चिकट घाण! माश्या आल्या, मुंग्या आल्या, शेजारची मांजर येऊन मला चाटू लागली. डॉमनिक मात्र खूश होता. त्याने ऑड्रेला हाक मारली.

"बाय, बघ तरी! कशी चकाकते!"

ऑड्रेने झाकण उघडले, तोंडावर हात दाबला आणि ती अंगणात जाऊन ओकली.

"आयचा वास होता त्यात!" ती रडत ओरडली. "तू तिचा वास घालवलास, बाबा!"

डॉमनिकने हातातले मडके खाली ठेवले.

मग त्याने मला धुण्याचा सपाटा लावला. राखेच्या पाण्यात अक्षरे उकळली. वास गेला नाही, उलट घरभर पसरला. बोंबील वाळवायच्या बांबूंच्या माचावर त्याने ती उन्हात मांडली, तर कावळे त्यांना मासळी समजून चोचीत धरून उडाले. डॉमनिक काठी घेऊन त्यांच्यामागे धावू लागला.

सेलेस्टिन मावशी कुंपणावरून ओरडली, "काय रे डॉमनिक, कावल्यांना इंग्लिश शिकवतंस काय?"

तो हसला नाही. जमिनीवर पडलेली अक्षरे त्याने गुडघ्यांवर बसून वेचली आणि एकेक आपल्या सदऱ्याला पुसून माझ्यात ठेवू लागला, डॉरिस ठेवी तसेच. ऑड्रे दारातून ते पाहत होती.

काही वेळाने ती बाहेर आली. तिने नाकातोंडावर ओढणीसारखे फडके घट्ट बांधले होते. ती बापासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हात धुव आधी. मग काढ तीन."

डॉमनिकने हात धुतले. चेहरा वाकडा करून त्याने माझ्यातून तीन अक्षरे काढली. एस, टी आणि के.

"स्टिंक," फडक्याआडून ऑड्रे म्हणाली.

"म्हंजे काय, बाय?"

"घाण मारनं."

डॉमनिक इतका हसला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. फडक्याआड ऑड्रेही हसत होती.

तेव्हापासून ते दोघे रोज खेळू लागले, नाकाला फडके बांधून. काही अक्षरे कावळ्यांनी नेली ती नेलीच. क्यू गेला, त्याचे कुणाला दुःख झाले नाही.

मित्रांनो, कुणाची वस्तू जपायची असेल, तर ती कशासाठी जपली जाते हे आधी त्याला विचारा. आपल्या हाताशी आहे ते तेल चोपडू नका. मला आजही माझी किळस येते. पण कुणी मायेने तुमच्या वस्तूची अशी घाण केलीच, तर उठून जाऊ नका. नाकाला फडके बांधा आणि त्याच्यासमोर बसा.