वासाचा रकाना

"याला 'ठीक' म्हणतात? टाकीमास्तर, तुम्हीच सांगा, हे ठीक आहे?" साहेबांनी नाकावरचा रुमाल न काढताच विचारलं.

टाकीमास्तर कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत राहिले. वसाहतीतल्या तीनशे घरांचं सांडपाणी या टाकीत येई. पंपाने त्यात हवा सोडली की घाण जिरे, गाळ खाली बसे आणि नितळ पाणी बागेला जाई. सव्वीस वर्षं हा गाडा त्यांनी एकहाती ओढला होता. आज पाणी काळपट होतं, एवढं त्यांना आत्ता दिसलं. वास मात्र आला नाही. तो गेली अकरा वर्षं येतच नव्हता.

ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती आणि ते माणूस बावीस दिवसांपूर्वी गेलं होतं.

बायकोचं नाक मोठं तिखट. संध्याकाळी मास्तर घरी आले की ती त्यांना उंबऱ्याबाहेरच अडवी, शर्टाची बाही हुंगे आणि निकाल देई. "शी! सडक्या अंड्यासारखा येतोय. हवा कमी पडतेय तुमच्या टाकीला." किंवा, "आज बरा आहे. ओल्या मातीचा." दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर त्याबरहुकूम रजिस्टरमधला 'वास' हा रकाना भरत आणि हवा कमी-जास्त करत. "नोकरी तुमची, नाक माझं," ती म्हणे. "रिटायर व्हाल तेव्हा सत्कार माझा करायला सांगा."

कामावर परतल्यापासून चार दिवस मास्तर डोळे झाकून 'ठीक' लिहीत होते. शेवटी वसाहतीतून तक्रार आली.

"नाक चालत नसेल तर सांगा हो," साहेब हसत म्हणाले, "दुसरा माणूस बघतो."

चेष्टाच होती ती. मास्तरही हसले. रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती. त्यांनी हवेचा दुसरा पंप सुरू केला आणि साहेब जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. आता तरी रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही. बावीस दिवसांत ते आलंच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसे ते सबंधच्या सबंध बधिर झाले होते.

संध्याकाळी ते सवयीने उंबऱ्याबाहेर थांबले. दार लेकीने उघडलं. आई गेल्यापासून ती इथेच राहिली होती.

"बाबा, बाहेर काय उभे? या ना आत."

मास्तरांनी बाही पुढे केली. "बघ गं, वास येतोय का?"

लेकीने बाहीपाशी नाक नेलं आणि पटकन तोंड फिरवलं. "नाही हो बाबा."

"नीट हुंग."

"खरंच नाही येत. अजिबात नाही. चला, चहा टाकते."

भली पोर. बापाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलत होती. तिची आई अकरा वर्षांत एकदाही असं गोड बोलली नव्हती. मास्तरांना त्या 'शी'ची फार आठवण आली. त्यांनी शर्ट काढून दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवला आणि बनियनवरच आत जाऊन चहा प्यायले.

सकाळी त्यांनी रजिस्टर उघडलं. मागच्या पानावर त्यांच्याच अक्षरात तिचे शब्द होते. ओल्या मातीचा. बरा. थोडा आंबूस. त्याखाली रजेतले कोरे रकाने आणि मग चार दिवसांचे चार 'ठीक'. पाचवा लिहिला असता तर दोन वर्षंही कशीबशी निघाली असती.

मास्तरांनी ते चारही 'ठीक' एकेक रेघ मारून खोडले. आजच्या रकान्यात 'कळत नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि रजिस्टर साहेबांच्या टेबलावर उघडंच ठेवलं.