चालती हो, जेवून जा

दिग्दर्शिका ब्रॉनविनच्या सिनेमात माझी आई मला घराबाहेर काढते. त्या कामाला तिनं माझी खरीच आई घेतली, तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

मी जन्मले मुलगा, वाढले मुलगी. सामोआत आम्हाला फाफाफिने म्हणतात आणि कामाला जुंपतात. चर्चमध्ये गाते, लग्नात लोकांना हसवते, आईचे पाय चेपते. सिनेमावाल्यांना मात्र आम्ही रडणाऱ्या किंवा मेलेल्याच आवडतो. असू दे. मला पडद्यावर दिसायचं होतं, त्यासाठी मी ढसाढसा रडायलाही तयार होते.

आईला एकच वाक्य होतं : "चालती हो, परत तोंड दाखवू नकोस." ती डोळे वटारून दारात उभी राहायची आणि मी पिशवी उचलली की म्हणायची, "चालती हो. जेवून जा."

आमच्याकडं रस्त्यानं जाणाऱ्या परक्यालाही जेवायला हाक मारतात. जिभेचं वळण जाईना. दुपार कलली तशी ब्रॉनविन वैतागली. "जमत नसेल तर मायलेकी दोघीही ऑकलंडहून आणते."

मी आईचा हात धरला. "आई, एवढं एक वाक्य म्हण ना. माझ्यासाठी."

"कुठली आई असं बोलते गं? लिहिणारीला आई नाही का?"

"माझी बोलली," ब्रॉनविन कॅमेऱ्यामागून म्हणाली. "माझं एका मुलीवर प्रेम आहे हे कळलं तेव्हा. हेच शब्द."

आतापर्यंत मनातल्या मनात मी तिला आसवांची व्यापारीण म्हणत होते. माझी मलाच लाज वाटली.

आई आत गेली आणि तारो-पालुसामी, म्हणजे अळूचे कंद नि नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, वाढून ब्रॉनविनपुढं घेऊन आली. "बस. आधी खा, मग म्हणते तुझं वाक्य."

ब्रॉनविन नाक ओढत जेवली. आई शेजारी बसून पंख्यानं माश्या वारत राहिली.

मग आई दारात उभी राहिली आणि वाक्य म्हणाली, पुरतं, एकही शब्द न चुकता. मी फणसाच्या झाडापर्यंत चालत गेले. खोटं आहे हे ठाऊक असूनही कान दाराकडंच होते. मागून हाक आली नाही.

"बंद झाला का तो कॅमेरा?" आईनं विचारलं.

"नाही," ब्रॉनविन म्हणाली. "चालूच राहू दे. मारा हाक."