सहा झबली

लवंगांच्या बेटावरच्या वेते गावात काझिजाबीची जीभ ठाऊक नाही असं घर नव्हतं. लग्नाच्या गाण्यांत शत्रूला झोडायची कडवी लिहावीत तर तिनंच. गिऱ्हाईक बाई यायची, काय काय खुपतंय ते सांगायची, अंगाभोवती गुंडाळायच्या छापील कापडाची, कांगाची, नवी जोडी ठेवून जायची. पुढच्या लग्नात गायिका ते कडवं म्हणायची, गिऱ्हाईक नोट हातात धरून नाचत नाचत वैरिणीपुढे जाऊन उभी राहायची आणि मगच ती गायिकेला द्यायची. म्हणजे काय समजायचं ते सगळ्या गावाला समजायचं.

तिचा धाकटा भाऊ मकामे हायस्कुलात साहित्य शिकवायचा. फळ्यावर महाकाव्य, भावकाव्य, नाटक असे रकाने पाडायचा. बहिणीला मात्र एकाही रकान्यात बसवायचा नाही.

"ताई, साहित्य माणसाला मोठं करतं. तुझी ती नुसती शिवी."

"शिवीला नाव लागतं, मास्तर. माझ्या ओळीत नाव असतं का? नाव नाही म्हणजे ती सगळ्यांची. हेच ना तुमचं साहित्य?"

हे तिनं इतक्या वेळा म्हटलं की तिचा तो नेमच झाला. कडवं कुणासाठी, ते विचारायचं नाही. विचारलं की हात आखडतो, असं ती म्हणायची. खरं सांगायचं तर न विचारणं सोयीचं होतं. भाऊ शाळेत शिकवायचा त्या पुस्तकात आपली एक तरी ओळ छापून यावी, एवढीच तिला आस होती.

लवंगा वाळवायच्या दिवसांत मायसरा नावाची एक तरुण पोर चाके गावाहून आली. तिनं आणलेला कांगा भारीतला होता.

"वांझ आहे ती. दर हंगामात अंगणात लवंगा पसरते ना, त्यांच्या कडेला बाळाची झबली वाळत घालते. सहा आहेत. स्वतः शिवलेली. संध्याकाळी घड्या घालून पेटीत ठेवते. नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

"मग तुला गं कसं माहीत?"

मायसरा हसली. "तुम्ही विचारत नाही म्हणतात."

काझिजाबीचा हात क्षणभर थांबला. तिची एकुलती एक लेक शम्साही चाकेलाच दिली होती, तिलाही सहा वर्षांत मूल नव्हतं. विचारावं का? पण तेवढ्यात ओळ सुचली होती, आणि ती ओळ इतकी झकास होती की बाईला मोह आवरला नाही. चाकेत काय एकच वांझ आहे, असं मनाशी म्हणून तिनं लिहून टाकलं.

पंधरा दिवसांनी वेत्यात लग्न निघालं. दुपारी मांडवात बायकाच बायका. शम्साही माहेरी आली होती, आईपासून चार हातांवर बसून टाळ्या वाजवत होती. गायिकेनं सूर लावला:

लवंगांसोबत वाळत घालते सहा झबली उन्हात,
सांजेला ती घडी करून ठेवते पुन्हा पेटीत;
एकही नाही मळलं, बाई, एकही नाही फाटलं,
सांग, कुणाचं बाळ इतकं शहाणं निपजलं?

बायका किंचाळल्या. मायसरा उठली, कंबर हलवत आली आणि नोट शम्साच्या डोक्यावर धरून उभी राहिली. तिच्यामागून आणखी चौघी आल्या.

"कोण गं ही?" काझिजाबीनं शेजारणीला विचारलं.

"अगंबाई! जावयानं दुसरी केली ते तुला ठाऊक नाही? लेकीनं सांगितलं नाही?"

शम्सानं सवतीकडे पाहिलंच नाही. ती वळली ती आईकडे. लहानपणी प्रत्येक कडवं आधी तिला ऐकवलं जायचं. शेवटी प्रश्न ठेवायचा, बाळे, आणि उत्तर समोरचीनं रडून द्यायचं, हे तिला आईनंच मांडीवर घेऊन शिकवलं होतं.

ती रडली नाही. पदराच्या गाठीतली नोट काढून गायिकेपाशी गेली.

"हेच पुन्हा म्हण."

मांडवात आनंदाला उधाण आलं. आता पलटवार! शम्सा नाचत आली, सवतीला ओलांडून पुढे गेली, आणि आईच्या तोंडापुढे नोट धरून उभी राहिली. लेकीचा चेहरा हातभर अंतरावर होता, तिला मिठीत ओढावं, पाया पडावं, काहीतरी करावं असं काझिजाबीला फार वाटत होतं.

तेवढ्यात गायिका चुकली. 'पुन्हा पेटीत'च्या जागी 'पुन्हा घरात' म्हणाली.

"पेटीत," काझिजाबी पुटपुटली.

शम्सानं ते ऐकलं. तिनं नोट गायिकेला न देता आईच्या मांडीवर टाकली.