डाव्या टोकाची जागा

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि माझा डावा पाय आखूड आहे. या दोन्ही गोष्टींचा मला अभिमान आहे. पहिली मला वयाने दिली, दुसरी सुताराने.

आमच्या विद्यापीठाची पहिली व्यायामशाळा पाडली, तेव्हा तिच्या जमिनीच्या जाड फळ्या निघाल्या. त्या फळ्या म्हणजे मी. बाक होण्याआधीच माझ्यावर एका पिढीने उड्या मारल्या होत्या, घाम गाळला होता आणि पडून दातही पाडून घेतले होते. विद्यापीठाच्या सुताराने त्यांतून सात माणसं बसतील असा बाक केला. शेवटचा पाय कापताना त्याला कुणीतरी जेवायला हाक मारली आणि घाईघाईत तो पाय बोटभर आखूड झाला. जेवून आल्यावर सुताराने मला हलवून पाहिलं, मान तिरकी केली आणि म्हणाला, "जमीनच वाकडी आहे."

तेव्हापासून मी जिथे जाईन तिथली जमीन वाकडी असते.

माझं काम एकच. विद्यापीठाचा एखादा संघ जिंकून आला की मुख्य इमारतीच्या पायऱ्यांपुढे मला मांडायचं आणि संघाचा फोटो काढायचा. तो फोटो चौकट करून भिंतीवर जायचा. हरलेल्या संघाचा फोटो काढत नाहीत. त्यामुळे आमचं विद्यापीठ कधी हरलं असेल यावर माझा आजही विश्वास नाही. मधली कित्येक वर्षं मी कोठीतच पडून होतो, ती मी सुट्टीची धरतो.

पहिली ढाल आणली हॉकीच्या संघाने. मला कोठीतून उचलून आणलं ते राखीव खेळाडूंनी. जे खेळले ते दमलेले असतात, जे खेळले नाहीत त्यांना निदान काहीतरी काम हवं, असं क्रीडा संचालकांचं मत होतं. कर्णधार ढाल घेऊन ऐटीत माझ्या डाव्या टोकावर बसला आणि ढालीसकट कलंडता कलंडता वाचला. उठून त्याने मला पुढून धरून आणणाऱ्या राखीव खेळाडूला बोलावलं.

"ए, तू बस इथे. तूच आणलास, तूच सांभाळ."

त्या पोराने आपली टाच माझ्या आखूड पायाखाली सारली आणि दगडासारखा स्थिर बसला. फोटो छान आला. पुढच्या वर्षी फुटबॉलच्या संघाने विचारलं, डाव्या टोकाला कोण बसतं? कुणीतरी भिंतीवर पाहून सांगितलं, बाक पुढून धरून आणणारा राखीव खेळाडू. झाली प्रथा! तिसऱ्या वर्षी कुलगुरूंनी भाषणात सांगितलं की या प्रथेमागे फार खोल विचार आहे. मी तिथेच होतो. विचार बोटभर खोल होता.

मग मात्र मी बरंच वैभव पाहिलं. पोहणाऱ्यांचा संघ तलावातून थेट माझ्यावर येऊन बसला आणि माझं पॉलिश घेऊन उठला. कुस्तीगीर आले तेव्हा सातांच्या जागेत चार मावले आणि मी पहिल्यांदाच देवाला हाक मारली. बुद्धिबळाचा संघ एवढा शांत बसला की फोटो काढून झाला हे त्यांना शिपायाने सांगितलं. रिलेच्या पोरींनी फोटोतसुद्धा ती दांडी हातातून सोडली नाही. आणि प्रत्येक फोटोत डाव्या टोकाला कुणीतरी टाच रोवून बसलेला. ज्याचं नाव वर्तमानपत्रात आलं नाही, ज्याने मैदानावर फक्त पाण्याच्या बाटल्या नेल्या. भिंतीवर मात्र तो कर्णधाराच्याच रांगेत होता. आमच्या विद्यापीठाने जिंकलेल्या सगळ्या ढालींपेक्षा मला ही रांग मोठी वाटते. अर्थात मी बाक आहे, मला रांगेचं कौतुक असणारच.

आता त्या दिवसाचं सांगतो.

मुलींच्या व्हॉलीबॉल संघाने कधी काही जिंकलं नव्हतं आणि एके वर्षी सगळंच जिंकलं. कर्णधार मुलीची सर्व्हिस अशी की तिला सगळे तोफ म्हणत. आणि राखीवांत एक होती काडी. तीन वर्षं संघात, सरावाला सगळ्यांच्या आधी हजर, सामन्यात एकदाही नाही. तिचं ते शेवटचं वर्ष होतं. कोठीतून मला पुढून धरून उचलताना ती मैत्रिणीला सांगत होती, "आई म्हणते, तीन वर्षं खेळतेस खेळतेस म्हणतेस, तुझा एक फोटो तरी दाखव. आज बोलावलंय तिला."

"मग आज काढू की दणक्यात! धर नीट, नाहीतर फोटो प्लास्टरमधला येईल."

पायऱ्यांपुढे मला मांडलं. काडीची आई गर्दीत पुढे उभी होती, पर्स छातीशी धरून. आता एक गोष्ट मी अनुभवाने सांगतो. छोटी ढाल असली तर माझ्यावर खेळाडू बसतात. ढाल मोठी असली की साहेब बसतात. ही ढाल फारच मोठी होती. कुलगुरू बसले, कुलसचिव बसले, संचालक, प्रशिक्षक, एक पाहुणे आणि मधोमध तोफ. उरली डाव्या टोकाची जागा. तेवढ्यात क्रीडा समितीचे अध्यक्ष धावत आले. त्यांनी संघाचा एकही सामना पाहिला नव्हता, पण फोटो त्यांनी आजवर एकही चुकवला नव्हता. ते धप्पकन डाव्या टोकावर बसले. मी हललो. ते म्हणाले, "जमीन वाकडी आहे."

काडी जागच्या जागी थबकली. मागे पायऱ्यांवर मुली दाटीवाटीने उभ्या होत्या. फोटोग्राफर काळ्या कापडातून डोकं काढून म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा. चौकटीत बसत नाही."

काडी बाजूला झाली. आईकडे तिने पाहिलं नाही.

तोफ उठली. मला वाटलं, आता भांडण. पण ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही तिथे बसलात, फार बरं वाटलं. म्हणजे बाक परत कोठीत तुम्हीच नेणार ना?"

"मी? का बरं?"

"तशी पद्धत आहे, सर. जो नेतो आणतो, तोच तिथे बसतो."

"अगं, शिपाई नेईल की."

"साहेब, माझी कंबर," शिपाई लांबूनच म्हणाला.

कुलगुरूंना गंमत वाटली. ते उभे राहिले, तसे बाकीचेही उभे राहिले, कारण कुलगुरू उभे असताना बसायचं नसतं. "उचलाच अध्यक्ष. बघू तरी."

अध्यक्षांनी बाह्या सारल्या, दोन्ही हातांनी माझं टोक धरलं आणि जोर लावला. मित्रांनो, मी मुद्दाम जड झालो असं कुणी म्हणेल. मी मुळातच जड आहे. टोक वीतभर वर आलं, अध्यक्षांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला आणि मी धाडकन खाली आलो. त्यांनी हात झटकले, धापा टाकत काडीकडे पाहिलं.

"बाळ, तू हे दर वेळी उचलतेस?"

"नाही सर. जिंकलो तरच."

"मग या तीन वर्षांत किती वेळा उचललास?"

"आज पहिल्यांदा, सर."

अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला, डाव्या टोकावरची धूळ पुसली आणि म्हणाले, "बस."

काडीने टाच सारली आणि बसली. मी तसूभरही हललो नाही. अध्यक्ष मागच्या रांगेत कोपऱ्यात उभे राहिले. फोटोत त्यांचा एक कान आणि अर्धा चष्मा आला आहे. पण पुढे आयुष्यभर ते पाहुण्यांना तोच फोटो दाखवायचे आणि सांगायचे, "हा बाक मी स्वतः उचललाय."

आई फोटोग्राफरला विचारत होती, "दोन प्रती मिळतील का हो? एक माझ्या बहिणीला पाठवायचीय."

त्यानंतर दिवस बदलले. प्रत्येकाच्या हातात फोन आला. जो तो स्वतःचाच फोटो काढायला लागला आणि त्यासाठी बाक लागत नाही. मी कोठीत फाटक्या जाळ्यांखाली गेलो. माझ्यावर फक्त एक मांजर बसायची, तीही मधोमध.

मग विद्यापीठाला एकदम इतिहासाची आठवण झाली. क्रीडा इतिहासाचं दालन उघडलं. भिंतीवर सगळे फोटो लागले आणि खाली मला ठेवलं. भोवती जाड दोर आणि माझ्यावर पाटी: 'कृपया बसू नये.' मित्रांनो, बाकाला आणखी काय ऐकायचं बाकी राहिलं? कोठीत मी विसरलेला होतो, इथे मी सन्मानित झालो. दोन्हीत फरक एवढाच, की इथे मांजरसुद्धा येत नव्हती.

परवा मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ पुन्हा जिंकला. त्यांच्या प्रशिक्षक बाई दालनात आल्या. केस पांढरे, अंगाने तशीच काडी. दालनाचे व्यवस्थापक सुताराकडून माझी मापं घेत होते.

"बाई, हा एक पाय आखूड आहे. सारखा करून घेतोय."

"पायाला हात लावू नका."

"पण हलतो हो बाक!"

"हलू दे. सरळ झाला तर त्या टोकाला कुणीही बसेल." आणि बाईंनी दोर सोडायला घेतला. "बाहेर न्यायचाय. फोटो आहे."

"बाई, ऐतिहासिक वस्तू आहे ही!"

"मग? इतिहास इथे बसून कसा घडेल? त्याच्यावर कुणीतरी बसायला नको का?"

व्यवस्थापकांनी पाटी काढली आणि ती कुठे ठेवायची ते न सुचून स्वतःच्याच काखेत धरली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण त्यांना काम देऊन जपा. मला पॉलिश करा, पावसात ठेवू नका, माझ्यावर नावं कोरू नका. पाय मात्र आहे तसा राहू द्या. आणि तुमचा संघ जिंकेल तेव्हा बाक कुणी उचलून आणला तेवढं बघून घ्या.

सध्या मी पायऱ्यांपुढे आहे. कुलगुरू नवीन आहेत, जमीन तीच वाकडी आहे. मला पुढून धरून आणणारी मुलगी आत्ताच डाव्या टोकावर बसली, हलली आणि दचकून उठू लागली.

"उठू नकोस," बाई मागून म्हणाल्या. "टाच लाव."