रस्त्यापलीकडचा दवाखाना

“मोजा काढा,” सिस्टर म्हणाल्या.

“काढतो की. आधी चहा तर घ्या.” शिलाईमास्तरांनी उजवा पाय मशीनखाली आणखी आत ओढून घेतला.

“मास्तर, तीन आठवडे वाट पाहिली तुमची. चहाला नाही आले मी.”

शेवटी मास्तरांच्या बायकोनंच खाली बसून नवऱ्याचा मोजा उतरवला. आधी वास आला. अंगठ्याजवळची जखम महिन्यापूर्वी नखाएवढी होती. आता ती तळव्यापर्यंत पसरली होती आणि कडेनं काळी पडली होती. बत्तीस वर्षांच्या नोकरीत सिस्टरना एक गोष्ट नीट जमू लागली होती. असं काही दिसलं तरी चेहरा जागचा हलू द्यायचा नाही.

“वहिनी, पिशवी भरा. मोठ्या हॉस्पिटलात जायचंय. आत्ताच.”

“एवढं झालंय?” मास्तर म्हणाले. “पण दुखत नाही हो काहीच.”

“साखरेनं पाय बधिर झालाय, म्हणून दुखत नाही. मी सांगितलं नव्हतं? एक दिवसाआड ड्रेसिंग म्हणजे एक दिवसाआड. दवाखाना समोर तर आहे. तुमच्या खिडकीतून पाटी दिसते!”

“पाटी दिसते हो,” वहिनी हळूच म्हणाल्या. “पण मध्ये रस्ता आहे ना.”

दोन वर्षांपूर्वी तो रस्ता रुंद झाला होता. दोन पदरांचे सहा पदर झाले, झाडं गेली, सिग्नल आला. मास्तर आणि वहिनी एकमेकांच्या हाताला धरून निघायचे आणि अर्ध्यात पोचतात न पोचतात तोच दिवा बदलायचा. एकदा एक मोटारसायकल मास्तरांच्या कोपराला घासून गेली. लागलं काहीच नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी जी हाय खाल्ली ती खाल्लीच. नंतर दोनदा ते रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपर्यंत जाऊन परत फिरले होते.

हॉस्पिटलात मास्तरांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

आठवड्यानं सिस्टर भेटायला गेल्या, तेव्हा मास्तर उशीला टेकून बसले होते. चाळीस वर्षं त्याच पायानं त्यांनी मशीनचं पायडल हलवलं होतं. सिस्टर खाटेच्या पायथ्याचा तक्ता उगाच वाचू लागल्या.

“एक फायदा झाला,” तेच म्हणाले. “आता माझी पँट शिवायला निम्मंच कापड लागेल.”

वहिनी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सिस्टर हसल्या, कारण मास्तरांना ते हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दवाखान्यातलं कपाट उघडलं आणि रस्त्यापलीकडच्या माणसांची कार्डं बाजूला काढली. चौसष्ट होती. त्यांतल्या तेवीस जणांनी रस्ता रुंद झाल्यापासून येणं कमी केलं होतं, नाहीतर सोडलंच होतं. प्रत्येकाच्या कार्डावर सिस्टरनी स्वतःच्या हातानं, लाल शाईत लिहून ठेवलं होतं: ‘हयगय’. मास्तरांच्या कार्डावर तो शब्द तीनदा होता.

मग जेवणाच्या सुट्टीत सिस्टर रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. नाडी मोजायचं घड्याळ हातात धरून त्यांनी सिग्नल मोजला. एकोणीस सेकंद.

त्यानंतर महिनाभर त्या रोज दुपारी तिथं उभ्या असत. ओळखीचं कुणी आलं की त्याच्याबरोबर रस्ता ओलांडायच्या. दिवा बदलला तर गाड्यांपुढे हात आडवा धरून उभ्या राहायच्या आणि पलीकडे पोचल्यावर आकडा वहीत लिहायच्या. सुतारकाम सोडलेले आजोबा, सत्तावीस. गुडघे बदललेली शिक्षिका, एकतीस. सात महिन्यांची गरोदर बाई आणि तिच्या कडेवरची मुलगी, पंचवीस. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं त्यांचं नाव ‘घड्याळबाई’ ठेवलं. संध्याकाळी सिस्टर त्या तेवीस जणांच्या घरी जाऊन आल्या. “मी तुम्हाला उगाच बोलले,” एवढंच सांगायच्या. काहींना त्या काय बोलल्या होत्या तेही आठवत नव्हतं.

वॉर्ड ऑफिसातल्या इंजिनिअरनी वही चाळली. पस्तिशीचा, नीटनेटका माणूस होता. उद्धट नव्हता.

“सिस्टर, हे नियमानं ठरतं. माणूस सेकंदाला चार फूट चालतो. रस्ता बहात्तर फूट. म्हणजे अठरा सेकंद झाले. मी एक जास्तच दिलाय.”

“कुठला माणूस?”

“म्हणजे... सरासरी माणूस.”

“त्याला माझ्या दवाखान्यात यावं लागत नाही, साहेब.”

इंजिनिअर जरा हसले. “पादचारी पूल सुचवू शकतो मी.”

“पायऱ्या किती?”

“चाळीसेक.”

सिस्टरनी गुडघे बदललेल्या शिक्षिकेच्या नोंदीवर बोट ठेवलं. इंजिनिअरनी वही मिटली. “हे बघा, औषधपाणी तुमचं खातं, रस्ता माझं.”

“मलाही तसंच वाटायचं,” सिस्टर उठत म्हणाल्या. “आमच्या शिलाईमास्तरांचा पाय गेला. औषध होतं, पट्टी होती, मी होते. त्यांना पोचताच आलं नाही. तुमच्या एकोणीस सेकंदांत गेला तो पाय, आणि थोडा माझ्याही आंधळेपणात. एकदा येऊन कुणाबरोबर तरी चालून बघा. मग नाही म्हणा.”

ते येतील असं त्यांना वाटलं नव्हतं. दहा दिवसांनी भर दुपारी इंजिनिअर दवाखान्याच्या दारात उभे राहिले. वहिनी मास्तरांच्या गोळ्या घेऊन परत निघाल्या होत्या.

“यांच्याबरोबर जा,” सिस्टर म्हणाल्या.

वहिनींनी इंजिनिअरचं कोपर धरलं. दिवा हिरवा झाला, दोघं निघाले. रस्ता जेमतेम निम्मा झाला असेल, तेवढ्यात दिवा बदलला आणि दोन्ही बाजूंनी हॉर्न सुरू झाले.

“चला, चला लवकर!” इंजिनिअरनी त्यांना ओढलं.

“ओढू नकोस बाळा, पडेन मी.”

ते थांबले. समोरून एक ट्रक सुटला, पाठीमागून बस गेली आणि दोघं मधल्या पांढऱ्या रेघेवर चिकटून उभे राहिले. वहिनी डोळे मिटून होत्या. त्यांनी इंजिनिअरच्या शर्टाची बाही दोन्ही मुठींत घट्ट धरली होती. पलीकडे गेल्यावर त्यांनी वहिनींच्या हातातली गोळ्यांची पिशवी घेतली आणि घरापर्यंत सोडायला गेले.

पुढं फाईल आठ महिने फिरली. वाहतूक खात्याला गाड्यांच्या रांगेची काळजी होती, दुकानदारांना पार्किंगची. वॉर्डाच्या बैठकीत सिस्टरना बोलायला तीन मिनिटं मिळाली. त्यांनी भाषण केलं नाही. नुसती वही वाचली. वय, आजार, सेकंद. वय, आजार, सेकंद. विसाव्या नोंदीला अध्यक्ष म्हणाले, “पुरे, बाई. आलं लक्षात.”

“अजून अकरा आहेत,” सिस्टर म्हणाल्या आणि वाचत राहिल्या. मागच्या बाकावर बसलेल्या इंजिनिअरनी मान वर केली नाही. पण ठराव त्यांनीच लिहून आणला होता. सिग्नल चौतीस सेकंदांचा, दोन पदर कमी, आणि मध्ये थांबायला कठडा असलेला उंच ओटा. एका मताच्या फरकानं तो मंजूर झाला.

मास्तरांना ही बातमी सिस्टरनी स्वतः जाऊन सांगितली. तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. “चौतीस?” ते म्हणाले. “एवढ्यात तर मी शर्टाची दोन काजं करीन.” कठड्याचं काम सुरू व्हायच्या आधीच ते गेले. दुसरा पाय शेवटपर्यंत धड राहिला, हृदयानं दगा दिला.

काम पुरं झाल्यावर चौथ्या दिवशी वहिनी दवाखान्यात आल्या. एकट्या. सिस्टरनी त्यांना स्टुलावर बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला.

“आधी दम खा जरा.”

“दम नाही लागला,” वहिनी म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “मध्ये उभी राहिले होते. कुणी हॉर्न नाही वाजवला.”

रक्तदाब ठीक होता. सिस्टरनी आकडा कार्डावर लिहिला, गोळ्या दिल्या आणि त्यांना सोडायला दारापर्यंत गेल्या. तिथून पुढं जायला त्यांनी हात पुढं केला, तर वहिनी म्हणाल्या, “नको. जाईन मी.”

दिवा हिरवा झाला. सगळ्या गाड्या थांबल्या. वहिनी निघाल्या, सावकाश, कठड्यापाशी न थांबता. पट्टे चांगले रुंद होते, पण त्या अगदी कडेनं चालल्या होत्या, शेजारी आणखी एका माणसाला चालता येईल एवढी जागा सोडून.