भिंतीमागच्या मुंग्या

“अहो, इकडे या जरा. हे बघा.”

साकम्मा परसातल्या भिंतीपाशी उकिडवी बसली होती. बोरेगौडा लुंगी सावरत आला. सकाळी तो जिथं लघवीला उभा राहिला होता, तिथं काळ्या मुंग्यांची रांग लागली होती.

“त्यात काय बघायचं? गुळव्याच्या मागं मुंग्या येणारच. माझ्या बापाच्याही यायच्या.”

मद्दूरच्या त्या पट्ट्यात सगळे असंच मानत. काहिलीसमोर जन्म काढला की अंगात गूळ मुरतो, म्हणत. गौडाला तर त्या मुंग्यांचा अभिमान होता.

“चुलाण फुटून गुऱ्हाळ दोन महिने बंद आहे,” साकम्मा म्हणाली. “रोज साबण लावून अंघोळ करता. मग हा गूळ कुठला?”

गौडा पायानं मुंग्यांवर माती लोटू लागला.

तीन वर्षांपूर्वी तो चटई घेऊन ओसरीवर झोपायला गेला, तेव्हा मात्र त्याच्याकडे उत्तर होतं. “लघवीला सारखं उठतो, तुझी झोप मोडते.” ते खरंच होतं. पण त्याआधी दोन-चारदा तिच्याजवळ जाऊन तो तसाच मागं फिरला होता, ते त्यानं सांगितलं नाही. चुलाणाच्या धगीनं पुरुषपण जळतं, असंही गुऱ्हाळावर म्हणत. साकम्मानं पुन्हा विचारलं नाही. ती दार लोटून झोपू लागली.

साकम्मानं त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण त्यांच्या लेकीच्या वयाची होती. रक्ताचा कागद बघून ती म्हणाली, “साखर आहे, काका. बऱ्याच वर्षांची असणार. लघवी सारखी आणि अडकत-अडकत होते का?”

“होते.”

“आणि बाकीचं?”

गौडा लुंगीची गाठ घट्ट करू लागला.

“बाकीचं ओसरीवर झोपतंय,” साकम्मा म्हणाली. “तीन वर्षं.”

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. “वाढलेली साखर बारीक नसा आणि रक्तवाहिन्या खराब करते. ही दोन्ही दुखणी एकाच मुळाची. पोट कमी करा, रोज चाला, गोळ्या चुकवू नका. बरंच सुधारतं. सगळं सुधारेल, असं मी म्हणत नाही.”

“म्हणजे धगीनं नाही?”

“नाही.”

“आणि माझ्यामुळं?” साकम्मानं हळूच विचारलं.

गौडा गर्रकन वळला. “तुझ्यामुळं? येडी का काय तू?”

तीन वर्षं ती काय धरून बसली होती, ते त्याला तेव्हा कळलं. परतताना तो तिचा हात धरून बसमध्ये चढला. तिनं लोकांकडे पाहिलं, पण हात सोडवला नाही.

जेवणातला नाचणीच्या उकडीचा गोळा, मुद्दा, दोनाचा एक झाला, कुळथाचं सार वाढलं, कालव्याच्या कडेनं चालणं सुरू झालं. गूळ चाखणं बंद, हे मात्र त्याच्या जिवावर आलं. चाखल्याशिवाय गुळव्या कसला?

गुऱ्हाळ सुरू झालं त्या दिवशी साकम्मा पदर खोचून काहिलीपाशी उभी राहिली. गौडानं तार बघितली, पाण्यात थेंब सोडून गोळी बघितली आणि पळी तिच्यापुढं धरली. तिनं बोट चाटलं.

“थांबा. अजून एक कढ.”

“गौडा,” चिपाडं टाकणारा निंगय्या ओरडला, “तुमची जीभ लुगडं नेसून आली की!”

“येऊ दे. तुझ्या जिभेपेक्षा खरं बोलते.”

चटई त्यानं स्वतःच आत आणली होती. कधी जमायचं, कधी नाही. नाही जमलं की दोघं बोलत पडायची, आणि दार उघडंच राहायचं.

संक्रांतीच्या सकाळी साकम्मा वाटायला तीळ-गुळाचं एळ्ळू-बेल्ल कालवत होती. मागून हाक आली.

“अगं, इकडे ये जरा. हे बघ.”

गौडा भिंतीपाशी उकिडवा बसला होता. तीही गुडघ्यावर हात टेकून शेजारी बसली. ओल्या मातीच्या कडेला एक काळी मुंगी आली. थांबली, मिशा हलवल्या आणि वळसा घालून साकम्माच्या गूळ लागलेल्या बोटांकडे निघाली.