ऑर्विल पत्ते टाकत नाही

बाहीचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. म्हाताऱ्यानं पैजेच्या चिप्स, त्या पैशांऐवजीच्या चकत्या, पुढे सरकवल्या की ते टेबलाच्या हिरव्या कापडावरून घासत जायचं, हात मागे घेतला की पुन्हा लोंबायला लागायचं – आता तुटेल, मग तुटेल... मायतेनं ते पाहिलं आणि तिचं मन आपसूक कामाला लागलं. शर्ट चांगल्यातला, पण चुरगळलेला. बटण लावून देणारं माणूस घरात नाही, आणि नाही ते अलीकडेच, कारण एकटेपणाची सवय झालेले लोक बटणं आपली आपण लावून घेतात. रीनो शहराच्या जुगारघरातल्या या पत्त्यांच्या खोलीत माणसं वाचूनच तिचं पोट चालत होतं. दुकानावरची पाटी दिसली की ती न वाचणं जसं जमत नाही, तसं हे वाचन तिला थांबवता येत नसे.

“बायको गेली माझी,” म्हातारा म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. “मार्चमध्ये. विला नाव तिचं. मी ऑर्विल. पियानो सुरात लावायचो, फॅलन गावी.”

टेबलावरच्या इतरांनी माना हलवल्या. पत्ते वाटणाऱ्या नेस्टरनं “देव शांती देवो” म्हणून पुढचा डाव वाटला.

“ती म्हणायची, ऑर्विल, तू सगळं अर्ध्यावर सोडतोस. कुंपण अर्ध्यावर, स्पॅनिशची शिकवणी अर्ध्यावर. अरे, सिगरेट सोडणंसुद्धा अर्ध्यावर सोडलंस!” तो एकटाच हसला, मग सगळे हसले. “म्हणून ठरवलंय. आता काही सोडायचं नाही. पत्तेसुद्धा नाही. हातात घेतले की शेवटपर्यंत.”

“ऐकून वाईट वाटलं हो,” मायते म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं होतं. पण त्याच्या केसभर आधी – हे तिला नीट कळलं, कळायला नको होतं – आत दुसरंच काही उमटून गेलं होतं : हा पत्ते टाकणार नाही. वाईट पानं आली की गुपचूप पत्ते टाकून बाजूला व्हायचं, निम्मा खेळ यातच असतो. जो ते करत नाही त्याला थाप मारायची गरजच नाही, फक्त चांगल्या पानांची वाट पाहायची आणि पुरेपूर किंमत मागायची. आधी हे, मग वाईट वाटणं. क्रम असा होता.

तिला पैशाचं कधी काही वाटलं नव्हतं. एका दुपारी महिन्याचं भाडं हरून ती घरी जाऊन सूप पीत असे आणि शांत झोपत असे. निर्णय बरोबर होता ना, मग पैसे आज गेले काय, उद्या आले काय... हजार डावांची सरासरी तेवढी खरी. बहीण म्हणायची, तुला नोट म्हणजे कागद वाटतो. तसं नव्हतं. नोट म्हणजे कुणाची तरी चूक, मोजता येईल अशी केलेली. मी कुणाला लुबाडत नाही, चुकांचं मोल घेते – हे वाक्य तिनं इतकी वर्षं जपून वापरलं होतं. आता ती ऑर्विलकडे पाहत होती, आणि त्याची चूक कोणती ते तिला सांगता येत नव्हतं.

तासाभरात त्याच्या पुढ्यातला ढीग अर्धा झाला, आणि त्यातला बराचसा तिच्याकडे आला. मग तो खुर्ची मागे सरकवून उठला. “बास. आता घरी जावं.”

“बसा हो, ऑर्विल,” मायते म्हणाली. “कॉफी येतेय. घरी काय आहे एवढं?”

नेस्टरचा हात पत्त्यांवर क्षणभर थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. न पाहण्याची काळजी मात्र घेतली.

“तेही खरंच,” म्हातारा म्हणाला, आणि बसला.

घरी काय आहे एवढं... हे मी बोलले? कुणासाठी बोलले?

एल्कोच्या माळावर तिचे वडील दुसऱ्याची मेंढरं राखायचे. एका वसंतात एका मेंढीचं कोकरू मेलं, आणि दुसरं एक कोकरू आईविना ओरडत होतं. वडिलांनी मेलेल्याचं कातडं सोलून त्या पोरक्याच्या अंगावर बांधलं. मेंढीनं हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि पाजायला उभी राहिली. लहानग्या मायतेनं विचारलं होतं, “बाबा, फसवलं ना आपण तिला?” वडील हात पुसत म्हणाले, “दूध खोटं होतं का?” तेव्हा तिला ते उत्तर वाटलं होतं. पण त्या गोष्टीत पोट पोरक्याचं भरलं होतं, आणि इथे कातडं पांघरून पिणारी ती स्वतः होती.

कॉफी आली. ऑर्विल विलाबद्दल बोलत राहिला. विला चर्चमध्ये मोठ्यानं गायची, आणि सुरापासून इतकी लांब, की सूर जुळवण्यावर पोट असलेल्या नवऱ्याच्या अंगावर काटा यायचा. “आयुष्यभर सांगितलं नाही मी तिला. शेवटी दवाखान्यात तीच म्हणाली, ऑर्विल, मी बेसूर गाते ना रे? मी म्हटलं, छे गं! तर म्हणते, मेल्या, खोटं बोलणंसुद्धा अर्ध्यावर सोडतोस, कान लाल झालेत तुझे!”

मायते हसली – मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. धंद्यातलं हसू तिला ओळखता येत असे, आणि हे ते नव्हतं. त्याच डावात तिच्या हाती दोन राजे होते, तिसरा टेबलावरच्या सगळ्यांच्या सामाईक पानांत उघडा पडला, आणि हसता हसता तिच्या हातानं पैज वाढवली, जेवढी तो भरेल असं वाटलं बरोबर तेवढीच. हाताला विचारावं लागलं नाही. म्हाताऱ्यानं पैसे भरले. त्याच्याकडे काही नव्हतं, साधी जोडीसुद्धा नाही. मग त्यानं पाकिटातून आणखी काढले, आणि ऊन खिडकीच्या कडेला गेलं तोवर तेही संपले.

गाड्यांच्या तळावर तिनं त्याला गाठलं. नोटांची घडी खिशात मुठीत धरली होती. निम्मे तरी परत द्यावेत, काहीतरी कारण सांगून... पण कोणतं? पैसे दिले तर ही दुपार काय होती हेही त्याला सांगितल्यासारखं होणार, आणि मग त्याच्याकडे दुपारही उरणार नाही, पैसेही घेणार नाही तो.

“बरं झालं तू थांबवलंस, पोरी,” तो म्हणाला. “त्या घरात संध्याकाळ फार लवकर होते. मार्चपासून कुणी एवढं बसून ऐकलं नव्हतं. खरं सांगू? स्वस्तात पडलं मला.”

तिची मूठ खिशातच राहिली.

“गुरुवारी असतेस ना?”

“असते,” ती म्हणाली. लगेच. विचार करायच्या आत.

तो गेला. ती गाडीत बसली आणि किल्ली न फिरवता त्या ‘असते’कडे पाहत राहिली. कुठलीही शंका आली की तिचा ती आकडा करत असे – साठ टक्के हे, चाळीस टक्के ते – आणि आकडा झाला की शंका गप्प बसे. यात किती भाग त्या म्हाताऱ्यासाठी, किती त्याच्या पाकिटासाठी? तिनं पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. आकडा येईना. समोरच्या काचेवर धूळ होती, कानशिलं तापली होती, आणि सगळ्यात लाज कशाची वाटत असेल तर जिंकलेल्या पैशाची नाही – गुरुवार लवकर यावा असं तिला आतापासूनच वाटत होतं, आणि ते का, हे स्वतःला विचारायची तिची छाती होत नव्हती.